धनुबाईचं आंबवण

खापरडोहात धनुबाईचं घर कुठे, हे कुणाला विचारावं लागत नसे. नाक शाबूत असलं की पुरे. प्रकाशा गावाकडून तापीच्या काठाकाठानं यायचं. केळीचे मळे संपले की वास सुरू होई, आंबलेल्या मळीचा, आणि त्या आंबटाच्या पोटात इंजिनच्या काळ्या तेलाचा. तो वाढत जाईल तिकडे चालत राहायचं. गावातल्या बायका तिच्या दारावरून नाकाला पदर लावून जात आणि चार पावलं पुढे गेल्या की तिला नावं ठेवत. त्यांच्याच घरच्या उसाला एक अख्खा उन्हाळा त्या वासानं पाणी पाजलं होतं, हे त्यांना ठाऊक होतं. पण खापरडोह हे पहिल्यापासून माहीत असूनही न बोलणाऱ्यांचं गाव.

धनुबाई या गावात आली ती चौदाव्या वर्षी, उखाची बायको म्हणून. उखा चांगल्या कुणब्याच्या घरातला. त्याची दोन बिघे जमीन होती, तीही नदीला लागून. एका पावसाळ्यात तापीनं ती दोन्ही बिघे मातीसकट उचलून सुरतेकडे नेली आणि उखाच्या वाट्याला गोटे ठेवले. जमीन गेलेल्या कुणब्याकडे गाव कसं बघतं ते काय सांगावं! लग्नाच्या पंगतीत त्याला बोलावतात, पण वाढायला. उखा वाढत राहिला.

मग सन बत्तीस साली चुनीलाल पाटलांनी मुंबईहून इंजिन आणलं. चुनीलाल पाटील गुजर. त्यांचे पूर्वज कधीकाळी गुजरातेतून येऊन तापीकाठी वसलेले, तीस एकर ऊस आणि केळी. इंजिन नदीचं पाणी वर खेचणार होतं. ते बसवायला आलेला मिस्त्री आठ दिवस राहिला, त्या आठ दिवसांत उखा त्याच्या पाठीपाठी फिरला, आणि मिस्त्री परत गेला तेव्हा ते अजस्र धूड आपल्या हाताखाली घेणारा गावात एकटा उखा होता. इंजिनाचा टोप बत्तीनं लालभडक होईपर्यंत तापवायचा, मग ते जडशीळ चाक एका विशिष्ट झटक्यानं फिरवायचं. झटका चुकला तर चाक उलटं फिरून हात मोडे. उखाचा कधी मोडला नाही. ठक्-ठक्-ठक् असा आवाज सुरू झाला की धनुबाई घरात भाकरी थापता थापता हसायची. नवरा परत माणसांत आला, असं तिला वाटायचं.

उखाचा कान त्या इंजिनाला जोडलेला होता म्हणा ना. जेवता जेवता घास हातात धरून तो थांबे. "पट्टा ढिला पडना," म्हणे. किंवा, "तेल सरनं." आणि उठून चालू लागे. त्याचं कधी चुकलं नाही. अकरा वर्षं तो खापरडोहाचा उखा इंजिनवाला होता. पंगतीत आता तो बसून जेवत असे.

लढाई लागली आणि तेलाचा दुष्काळ पडला. इंजिनाचं क्रूड तेल नंदुरबारच्या मामलेदाराच्या परवान्यावर मिळू लागलं, तेही मोजून. एकेका पिंपाचं काय केलं ते सरकारला सांगावं लागे. चुनीलाल पाटलांनी ती पिंपं इंजिनघराच्या बाजूला वाळूच्या खड्ड्यात अर्धी पुरून ठेवली होती, ऊन लागू नये आणि ठिणगी पोचू नये म्हणून. व्यवस्था चोख होती. फक्त ओल्या वाळूत लोखंड बुडाशी गंजतं, एवढं कुणाच्या ध्यानात आलं नाही. त्रेचाळीस सालच्या फाल्गुनात उखानं शेवटच्या पिंपावर टिचकी मारली तर ते रिकाम्या डब्यासारखं वाजलं. उकरून पाहिलं. बुडाच्या कडेला बोट जाईल एवढं भोक, आणि चाळीस ग्यालन तेल वाळूत.

पाटलांच्या तोंडचं पाणी पळालं. तेल गेल्याचं दुःख होतंच, पण भीती निराळी होती. मामलेदार विचारील, पिंप कुठाय? काळ्या बाजारात विकलं म्हणेल. परवाना जाईल, वर बेड्या पडतील. पाटील माणूस वाईट नव्हता, असं गाव अजूनही म्हणतं. असेलही. घाबरला होता खरा. आणि घाबरल्यावर त्यानं पहिलं बोट दाखवलं ते आपल्याकडे अकरा वर्षं राबलेल्या माणसाकडे.

"तेल कोठे गयं, उखा?"

"रेतीमा जिरनं, पाटील. पिंपले भोक पडेल शे, दखा ना."

"भोक तूच पाडेल शे. इकी टाकं तेल, आनि मंग भोक पाडं."

"रेती दखा, कशी काळी शे!"

"अकरा साल व्हयनात, आठे तेल गळस. रेती काळी नही ऱ्हाई ते काय गोरी ऱ्हाई?"

चार माणसं हसली. उखाला मात्र पाटलाचं म्हणणं तोंडावर खोटं पाडता येईना. थोड्या तेलानं पुष्कळ वाळू काळी होते. वाळूत चाळीस ग्यालन आहे की चार, हे वाळू सांगत नाही. तेल बाहेर काढून दाखवलं तरच उखा सुटणार होता. त्यानं दोन दिवस जिवाचं रान केलं. वाळू फडक्यात पिळली, कढत पाण्यात ढवळली, उन्हात तापवली. पाण्यावर नुसते मोराच्या पिसाचे रंग यायचे. तेल वाळूच्या कणाकणाला असं घट्ट बसलेलं होतं, जसं काही ते तिथेच जन्मलं होतं. पाटलांनी सांगून टाकलं, दहा-बारा दिवसांत फौजदार येणार, तोवर काय ते बघ.

आता धनुबाईची गोष्ट सुरू होते, कारण उखानं हात टेकले होते.

इंजिनघराला लागूनच पाटलांचं गुऱ्हाळ होतं. काहिलीत रस उकळताना वर जी मळी येते ती काढून टाकायचं काम धनुबाईकडे असे. ती मळी एका चरातून खड्ड्यात जाई आणि तिथे आंबून वास मारी. त्या साली चर फुटला होता, आणि मळीचा एक ओहोळ तेलाच्या वाळूपर्यंत पोचला होता. धनुबाईला तिथे फेस दिसला. फेस तर मळीला येतोच. पण या फेसाला काळे डोळे होते. ती खाली बसली, एक डोळा बोटानं उचलला, बोटं एकमेकांवर घासली. तेल! तिचा नवरा दोन दिवस कढत पाण्यानं जे मागत होता ते इथे कुणी न मागता वर आलं होतं.

ती शाळेत गेली नव्हती, पण आंबवणं तिला कळत होतं. पीठ आंबवायचं तर कालच्या आंबलेल्यातलं मूठभर आजच्यात घालावं लागतं, हे कुठल्या बाईला शिकवावं लागतं? तिनं त्या फेसाळ ओहोळातली घाण एका जुन्या मडक्यात भरून घेतली. तेच तिचं आंबवण. घरच्या काठ फुटलेल्या रांजणात काळी वाळू घातली, मळी घातली, वरून आंबवण सोडलं आणि तोंड फडक्यानं बांधलं. तिसऱ्या दिवशी रांजण बुडबुडू लागला. पाचव्या दिवशी फडकं सोडलं, तर वर दोन बोटं काळं तेल, आणि तळाची वाळू नदीतल्यासारखी पांढुरकी. उखानं तेलात चिंधी बुडवून पेटवली. ती नीट जळली. त्यानं तिचे मळीनं बरबटलेले हात आपल्या कपाळाला लावले. नवऱ्यानं असं करणं बरं नव्हे, पण घरात बघायला फक्त सासू होती, आणि तिनं तोंड फिरवलं.

उखा धावत पाटलांकडे गेला. पाटील म्हणाले, घरात काढलेल्या तेलाला काय अर्थ, ते तू चोरून ठेवलेलंच कशावरून नसेल? पंचांसमोर काढ. पंचांच्या हातची वाळू, रांजणाला पंचांचं सील, पाच दिवस माझ्या ओट्यावर. तेल आलं तर तू खरा. नाहीतर फौजदार आहेच. उखानं आनंदानं हो म्हटलं. आनंदानं!

त्या दिवशी घरात जे झालं त्यावर धनुबाई पुढे आयुष्यभर विचार करत बसली. सासू कौसाबाई म्हणाली,

"पंचस्ना म्होरे हाई आंबेल, सडेल मांडशी का व? सतनं काम शे. तापीनी शपथ लेतीन. कानबाईना रोटले जसं घर काढतस ना, तसं बठ्ठं काढ."

खानदेशातल्या बाईला हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही. श्रावणात रोटांच्या सणाला कानबाई देवी घरी यायची म्हणजे भिंती पांढऱ्या होतात, भांडंन् भांडं राखेनं घासलं जातं, शिळ्याचा कण घरात राहू देत नाहीत. जे खरं आहे, जे देवासमोर ठेवायचं आहे, ते स्वच्छ हवं. दोष सासूवर ढकलता आला असता. धनुबाईनं तो कधी ढकलला नाही, कारण तिच्याही मनात तेच होतं. नवऱ्याच्या इभ्रतीचा प्रश्न, आणि पाटलाच्या ओट्यावर आपण घाण मांडायची? गुजरांच्या बायका नाकाला पदर लावतील, आणि त्यातच उखा खोटा पडेल, असं तिला वाटलं.

तिनं कुंभाराकडून कोरा रांजण आणला. कढत पाण्यानं तीनदा खंगाळला, चुन्यानं पुसला. पंचांनी खड्ड्यातली चार घमेली वाळू त्यात टाकली, तिच्यावर धनुबाईनं तापीचं उकळतं पाणी ओतलं. मळीला तर तिनं हातच लावला नाही. सणासाठी राखलेली गुळाची भेली फोडली आणि त्या पाण्यात विरघळवली. ओलेत्यानं, उपाशी पोटी तिनं हे सगळं केलं. जुनं आंबवणाचं मडकं कौसाबाईनं सकाळीच उकिरड्यावर भिरकावलं होतं. रांजणावर फडकं बांधलं, लाखेचं सील लागलं.

पाच दिवस उखा निवांत होता. त्यानं दाढी करून घेतली. इंजिनाचा टोप उतरवून साफ केला, तेल आलं की लगेच सुरू करता यावं म्हणून. पाचव्या दिवशी अर्धं गाव पाटलांच्या ओट्यावर जमलं. शाळेचे शांतीलाल मास्तरही होते. सील फोडलं, फडकं सोडलं. आतून छान गुळाचा वास आला. वर स्वच्छ, गोडसर पाणी, तळाशी काळी वाळू, आणि पाण्यावर तेच मोराच्या पिसाचे रंग.

 मग पंचांतला एक म्हातारा पुढे वाकला आणि म्हणाला, "उखानी बायकोनी सरबत करेल शे, प्या आते!"

हसण्याचा जो कल्लोळ उठला तो धनुबाईच्या कानांत शेवटपर्यंत राहिला. उखा मात्र हसणाऱ्यांकडे बघत नव्हता. तो तिच्याकडे बघत होता. रागानं बघितलं असतं तर तिनं सोसलं असतं. एखाद्यानं विहिरीत दोर सोडावा आणि अर्ध्यावर तो तुटावा, तेव्हा खालचा माणूस जसा वर बघतो, तसा तो बघत होता. दुसऱ्या दिवशी फौजदार त्याला नंदुरबारला घेऊन गेला. तिथल्या एका कारकुनानं त्याला गोड बोलून सांगितलं, कबूल कर, शिक्षा कमी होईल, नाहीतर पाच वर्षं कुठे गेली नाहीत. तिसऱ्या दिवशी उखानं सही केली. चौथी शिकला होता, सही करता येत होती, हा त्याचा आणखी एक गुन्हा. नऊ महिन्यांसाठी त्याची रवानगी धुळ्याच्या तुरुंगात झाली.

रांजण तसाच पाटलांच्या ओट्यावर पडला होता. पाटलांच्या बायकोनं, मंगलाबाईनं, तो गडीमाणसांकरवी मागच्या गोठ्यात नेऊन टाकला. वरचं फडकं कुणीतरी नेलं. उघड्या पाण्यावर माश्या बसल्या, शेणाची धूळ उडाली, एखाद्या गुरानं तोंडही घातलं असेल. सील लावल्यापासून नवव्या दिवशी धनुबाई तो न्यायला गेली. कोरा रांजण आहे, पाण्याला होईल, एवढाच विचार होता. गोठ्यात शिरताच तो वास आला. रांजण बुडबुडत होता. वर तीन बोटं काळं, घट्ट, चकाकतं तेल.

ती तिथेच गुरांच्या शेणात बसली. तेल खोटं बोललं नव्हतं. फक्त चार दिवस उशिरा आलं होतं. उखाची सही आदल्या दिवशीची होती.

पाटलांना तिनं हाताला धरून आणलं, अगदी खरोखर हाताला धरून. एरवी असं कुणी केलं असतं तर गावात काय झालं असतं! पाटलांनी बोट बुडवलं, वास घेतला, आणि त्यांचा चेहरा जो उतरला तो तिनं नीट बघितला. त्यांना कळलं होतं. उखा खरा आहे हे त्या क्षणी खापरडोहात मोजक्याच माणसांना ठाऊक होतं, आणि त्यांतल्या एकाचं वजन मामलेदाराकडे होतं.

पण पाटलांचा ऊस सुकत होता. ते म्हणाले, "एवढसानी काय व्हस? बठ्ठं पिंप भर. चाळीस ग्यालन काढ. मंग मी सोता मामलेदारकडे जासू, उखाले सोडी लयसू."

"शपथ ल्या, पाटील."

"तापीनी शपथ."

वाटेत शांतीलाल मास्तर भेटले. गोठ्यातलं बोलणं त्यांनी ऐकलं होतं. ते तळोद्याकडचे, पुस्तकी भाषेत बोलणारे. खाली बघत म्हणाले, "धनुबाई, आंबण्याचं काम डोळ्यांना न दिसणारे जीव करतात. दही लावतात ते तसलेच. ते साखर खातात, वायू सोडतात, आणि तेलाला वाळूवरून सोडवतात, असं असावं. कढत पाण्यानं ते मरतात. तुम्ही त्या दिवशी रांजण इतका स्वच्छ केलात की त्यात काही जिवंतच राहिलं नाही. नंतर वाऱ्यानं, माशांनी नवे आले असतील."

"हाई तुमले तवयच समजनं व्हतं?"

मास्तरांनी मान डोलावली. ती म्हणाली, "मंग पंचस्ना म्होरे बोलनात का नही?"

शाळा पाटलांच्या वखारीत भरत होती आणि मास्तर पाटलांच्या ओसरीवर राहत होते. हे त्यांनी सांगितलं नाही आणि तिनंही विचारलं नाही.  भला माणूस! धनुबाईनं त्यांना तिथेच सोडलं.

त्यानंतरचे तीन-साडेतीन महिने ती माणसासारखी जगली नाही. अंगणात सात रांजण मांडले. वाळू वाहायची, मळी वाहायची, आंबवण सोडायचं, वाळक्या भोपळ्याच्या डवल्यानं वरचं तेल अलगद काढायचं, निवू द्यायचं, फडक्यातून गाळायचं. वैशाखाच्या उन्हात रांजण असे खदखदत की चुलीवर ठेवलेत असं वाटे. तिचे हात काळे झाले ते झाले. अन्नाला तेलाचा वास येई, केसांना येई. कौसाबाईनं तिच्या हातचं पाणी घेणं सोडलं आणि आषाढाच्या तोंडाला जगही सोडलं. धनुबाईनं तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा वाळूत हात घातले. तिला फक्त एवढं दिसत होतं, पिंप भरलं की उखा दारात.

तेलाचे डबे ती इंजिनघरात पोचवी. तिथे आता फुलसिंग नावाचा नवा इंजिनवाला होता. तो डबा घेई, पिंपात ओती. आणि इंजिन चाले. रोज, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, ठक्-ठक्-ठक्. ते कशावर चालतंय हे धनुबाईला कळत नव्हतं का? कळत होतं. पाटील म्हणाले होते, मी मोजतोय, तू काढत राहा. तिनं त्यावर विश्वास ठेवला, कारण विश्वास न ठेवून ती काय करणार होती?

पाण्यापावसाचे दिवस आले, ऊस तगला, इंजिन थांबलं. धनुबाई शेवटचा डबा घेऊन गेली. म्हणाली, पिंप भरलं, आता चला नंदुरबारला.

पाटलांनी तिला पिंप दाखवलं. ते टिचकी मारली तर वाजलं असतं. "मामलेदारले काय दखाडू? रिकामं पिंप? आनि त्यानी सोता कबूल करेल शे. कागदवर सही शे त्यानी."

"तापीनी शपथ लिधी व्हती तुम्ही."

"तापीनं काय," पाटील म्हणाले, "तिले बठ्ठं पोटमा घेवानी सवय शे."

उखा माघात परत आला. चालत आला. गाल आत गेलेले, कान तेवढे मोठे झालेले. गावात त्याला कुणी चोर म्हटलं नाही, फक्त पंगतीचं बोलावणं आलं नाही. धनुबाईनं एक मडकं आंबवण त्याच्यासाठी जिवंत ठेवलं होतं. आठ महिने तिनं त्याला मळी, गूळ, जे मिळेल ते घातलं, लेकराला भरवावं तसं. पोटी मूल नव्हतंच. तिनं त्याला रांजणातलं तेल दाखवलं. "हाई दखा. तुम्ही खरा व्हतात."

उखानं तेलाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. अगदी शांतपणे म्हणाला, "मीच लिधं आसंन व. कागदवर मन्ही सही शे."

धनुबाईला वाटलं, तेल आपणच नेलं म्हणतोय ती थट्टाच. थट्टा नव्हती. नऊ महिने जे त्याला रोज सांगितलं गेलं ते त्याच्यात जिरलं होतं, आणि ते बाहेर काढायचं आंबवण तिच्याकडे नव्हतं. तो ओट्यावर बसू लागला. दिवसभर बसे. इंजिन सुरू असलं की मान खाली, बंद झालं की आणखी खाली.

चैत्र आला. लढाई संपेना, परवान्यावरचं तेल निम्म्यानं कमी झालं. आणि एका सकाळी चुनीलाल पाटील धनुबाईच्या ओट्यावर आले. बत्तीस सालापासून कधी न आलेले पाटील, पायातले जोडे काढून. उखा तिथेच बसला होता. त्याच्याकडे त्यांनी बघितलं नाही.

"धनु, खड्डामा आजून रेती शे. आवंदा रांजन लाव. पंधरा दिनना तेल मन्हापान शे, तवपावत तुन्हं तेल निंघी. तुन्हा भरोसावर शे बठ्ठं."

धनुबाई पदर सावरून म्हणाली, "लावसू ना, पाटील. पन मांगला साल मी भलती घान करी. तुमना करता शिळं-आंबेल कसं चाली? आवंदा तुमले शोभी असं करसू."

पाटील खूश होऊन गेले.

तिनं सातही रांजण राखेनं घासले. चुना लावला. अंगणात तीन दगडांची चूल मांडली आणि हंडे चढवले. आंबवणाचं मडकं तिनं आतून आणलं. त्यात तेव्हा बुडबुडे येत होते. ते मांडीवर घेऊन ती थोडा वेळ बसली. मग तिनं त्यात उकळतं पाणी ओतलं, काठोकाठ. रांजणांतल्या वाळूवरही ओतलं, गुळाचं स्वच्छ पाणी केलं, पांढरी फडकी बांधली. कानबाई आली असती तरी तिला कुठे बोट ठेवायला जागा सापडली नसती. पहिल्यांदाच धनुबाईच्या घराला कसला वास येत नव्हता. बायका दारावरून जाताना थांबून बघत. पाटील रोज माणूस पाठवून विचारत, ती रोज सांगे, येतंय, येतंय. रांजणांतलं पाणी ती दर चौथ्या दिवशी बदले, पुन्हा उकळतं घाले. वाऱ्यानं आणलेल्या जिवांनाही तिनं थारा दिला नाही.

सोळाव्या दिवशी, भर दुपारी, उखा ओट्यावर बसला होता आणि ती फडक्यांची गाठ घट्ट करत होती. इंजिन अडखळलं. एक ठोका चुकला, मग दोन. मग एकदा मोठ्यानं खोकलं आणि थांबलं. केळीच्या मळ्यांवर एकदम शांतता पडली. पाणी यायचं थांबलं म्हणून दूर कुणीतरी फुलसिंगला शिव्या घालू लागलं.

धनुबाईनं या घडीसाठी सगळं केलं होतं. तिनं उखाकडे पाहिलं. त्यानं मान वर केली होती, कान टवकारले होते, अगदी पूर्वीसारखे. तिला वाटलं, आता तो हसेल.

"तेल सरनं," उखा म्हणाला. बरोबर म्हणाला, त्याचं कधी चुकलंच नव्हतं.

आणि मग त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो धडपडत उठला, ओट्याच्या कडेला आला, पाटलांच्या घराच्या दिशेनं त्यानं दोन्ही हात जोडले आणि तिनं लग्नापासून कधी ऐकला नव्हता अशा बारीक आवाजात तो ओरडू लागला, "मी नही लिधं, पाटील! आवंदा मी नही लिधं! मी आठेच बशेल व्हतू, इले इचारा!"

धनुबाईनं धावत जाऊन त्याचे जोडलेले हात धरले आणि खाली ओढले. ते खाली येईनात.